आतोबांची राखण

आमच्या आतोबांइतका मनापासून रागावणारा माणूस अख्ख्या भोपाळमध्ये दुसरा नाही. बाकीचे लोक रागावतात ते तेवढ्यापुरतं. चहा आला की विसरतात. आतोबांचा राग नोकरीसारखा होता. सकाळी नऊला हजर व्हायचा, जेवणानंतर अर्धा तास सुट्टी घ्यायचा आणि संध्याकाळी आत्या देवापाशी दिवा लावेपर्यंत इमानेइतबारे काम करायचा. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. मूळचे नागपूरचे. सोनागिरी वसाहतीशेजारच्या मोठ्या सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे जिथे यंत्रांचे सुटे भाग केसाएवढ्या फरकाने घासून बसवतात त्या खात्यात, त्यांचा जन्म गेला. माझे वडील पुण्याहून त्याच कारखान्यात आले आणि त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीचं लग्न या नागपूरकराशी ठरवलं. लग्नात कुणा काकांनी मंगलाष्टकाच्या तिसऱ्या कडव्यात ताल सोडला, तेव्हा अंतरपाटामागून शांतपणे ‘परत म्हणा’ असा आवाज आला होता. तो नवऱ्या मुलाचा आहे हे कळल्यावर आपण हातातला हार घट्ट धरून ठेवला, असं आत्या अजून सांगते.

त्यांच्या रागाचं मूळ दोन शब्दांत सांगता येईल, आणि दुर्दैवाने तेच दोन शब्द या शहराचे लाडके आहेत: चलता है. शिंप्याने एक बाही बोटभर आखूड शिवली आणि वर ‘चलता है अंकल’ म्हणाला, तर आतोबा दुकानाबाहेर येऊन, एक हात पुढे आणि एक हात मागे असे उभे राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला ती बाही दाखवत. न्हाणीघराच्या फरशीचा उतार मोरीकडे नाही म्हणून त्यांनी एका गवंड्याला ती तीनदा उखडायला लावली. चौथ्या दिवशी गवंडी आलाच नाही. त्याची बायको येऊन थापी मागून घेऊन गेली. आतोबांनी तिलाही उताराचं गणित समजावून सांगितलं.

निवृत्तीनंतर लोक योगासनं धरतात किंवा नातवंडं धरतात. आतोबांनी दात धरले. वसाहतीतल्या दातांच्या एका डॉक्टरांनी त्यांना एकदा सहज विचारलं, की एका मुलाच्या दाढेसाठी बारीक तार वळवून द्याल का. आतोबांनी आधी ती तार कशासाठी हवी ते विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, की दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ हळूहळू त्या मोकळ्या जागेत सरकते, आणि हिरडीखाली नंबर लावून बसलेल्या पक्क्या दाताला वर यायला जागाच राहत नाही. मग तो वाकडा येतो, नाहीतर आतच अडकतो. म्हणून मागच्या दाढेवर स्टीलचं कडं चढवतात, त्याला तारेचा एक फास जोडतात आणि तो फास रिकाम्या जागेपलीकडच्या दाताला टेकवून ठेवतात. पक्का दात येईपर्यंत जागा राखली जाते. डॉक्टर त्याला स्पेस मेंटेनर म्हणाले. आतोबा त्याला ‘राखण’ म्हणू लागले. कुणीतरी कुणाची तरी जागा बळकावतो आहे आणि आपण वेळेत तार वळवली तर ते थांबतं, ही कल्पना त्यांच्या स्वभावाला इतकी मानवली, की त्याच आठवड्यात ते काम शिकायला जुन्या शहरात इतवाऱ्याच्या गल्लीत रफीकमियाँ नावाच्या कारागिराकडे गेले. सहा महिने शिकले आणि सातव्या महिन्यात गुरूशीच भांडून बाहेर पडले. त्यांनी एक कडं चौथ्यांदा मोडलं तेव्हा रफीकमियाँ भोपाळी थाटात म्हणाले होते, “खां, बच्चे का मुँह है, घड़ी नहीं है. उन्नीस-बीस चलता है.” ते शेवटचे दोन शब्द ऐकून आतोबांनी चप्पल घातली ती घातलीच.

मग सोनागिरीच्या घरातली मागची खोली त्यांचा कारखाना झाली. शहरभरातून दातांचे डॉक्टर मुलांच्या जबड्यांची मापं पाठवत. आतोबा त्यांत प्लॅस्टर ओतून पांढरे जबडे काढत आणि त्यांवर राखण घडवत. हे जबडे ठेवायला जागा पुरेना म्हणून ते आत्याच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी जाऊन बसले. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला नवा माणूस फळीवरचे ते उघडे जबडे बघून दारातूनच परत फिरला होता. माप नीट नसलं की आतोबा ते परत पाठवत आणि वर फोन करत: “डॉक्टर साहब, नाप लिया है या बच्चे को गुदगुदी की है?” ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती मुलं त्यांनी कधी पाहिलेली नसायची. नावंही लक्षात नसायची. “तो खालचा उजवा कालपासून घोर लावून राहिला आहे,” असं ते जेवताना म्हणत आणि आत्या “होईल बरा” म्हणून त्यांना भात वाढे.

डॉक्टरांपेक्षा जास्त राग आईबापांवर. माप द्यायचं, राखण तयार व्हायची आणि मग आईबाप मुलाला घेऊन दवाखान्यात फिरकायचेच नाहीत. एकाच्या तोंडासाठी केलेली राखण दुसऱ्याला बसत नाही. असे अनाथ झालेले तुकडे बघून आतोबांचं डोकं फिरे आणि ते मापासोबतच्या चिठ्ठीवरचा नंबर फिरवत. “मैं दाँत के दवाखाने की तरफ से बोल रहा हूँ. आपकी बच्ची की दाढ़ चल पड़ी है.” पलीकडची बाई घाबरून विचारे, “चल पड़ी? कहाँ?” आतोबा म्हणत, “दूसरे की जगह में.” लग्नकार्यातही त्यांना चैन नसे. अरेरा कॉलनीतल्या एका रिसेप्शनमध्ये जिलबी खाणाऱ्या एका मुलाची हनुवटी धरून त्यांनी तोंडात डोकावून पाहिलं आणि त्याच्या आईला गाठलं. ती हसून म्हणाली, “दूध के तो दाँत हैं अंकल, गिर ही जाएँगे.” आतोबा म्हणाले, “बेटी, बाल भी गिर ही जाएँगे. आज ही मुंडन करा दूँ?” त्यानंतर आम्ही त्यांना लग्नाला नेताना दोघांच्या मध्ये बसवत असू.

हे सगळं ठाऊक असताना माझ्याच मुलीची दाढ किडली. रेवा तेव्हा सात वर्षांची होती. खालची डावी, दुधाची शेवटची दाढ. गाल सुजला, दोन रात्री ती रडत होती. मी तिला मुद्दाम हबीबगंजच्या बाजूला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, म्हणजे सोनागिरीपर्यंत बातमी जायची नाही. दाढ काढावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ-दहा दिवसांत मापाला आणा, जागा धरून ठेवायला हवी. मी हो म्हटलं. मग माझ्या ऑफिसात मार्च सुरू झाला, नवऱ्याची बदली जबलपूरला झाली, रेवाची परीक्षा आली. गाल उतरला होता, पोर खातपीत होती. दुधाचीच तर दाढ, असं मी स्वतःशी म्हटलं, अगदी त्या रिसेप्शनमधल्या बाईसारखं. मापाला नेलं तेव्हा अडीच महिने होऊन गेले होते.

त्यानंतर चौथ्या दिवशी आमच्या बिट्टन मार्केटजवळच्या फ्लॅटची बेल वाजली. खाली भाजीचा हाट भरला होता, गाड्यांना जागा नव्हती. आतोबा बसने आणि मग पायी आले असावेत. हातात जेवणाचा स्टीलचा डबा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, उघडला आणि फडक्यात गुंडाळलेला एक छोटा पांढरा जबडा बाहेर काढला. त्याच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलं होतं: रेवा, सात वर्षे. भोपाळमध्ये मुलांच्या तारा वळवणारे हात मोजके आहेत, हा हिशेब मी केला नव्हता.

“दाढ कधी काढली?” त्यांनी विचारलं.

“झाले असतील पंधरावीस दिवस.”

“तू खोटं बोलशील, जबडा नाही बोलत.” त्यांनी खिशातून मापाचा चिमटा काढला आणि रिकाम्या जागेवर टेकवला. “हे वीस दिवसांचं काम नाही. मागची दाढ पाय काढून चालत आली आहे. दीड मिलिमीटर जागा कमी भरते आहे इथे. ती कुठे गेली?”

“आतोबा, ऑफिसात मार्च होता.”

“मार्च तिच्या जबड्यात नव्हता.”

मला भयंकर राग आला. नवरा परगावी, मी एकटी, सकाळचा डबा, शाळेची व्हॅन, संध्याकाळी गृहपाठ, आणि हा माणूस माझ्याच घरात येऊन मला चिमट्याने मोजतो आहे. मी म्हटलं, “तुम्ही जन्मात कधी एका मुलाला दवाखान्यात नेलं आहे का? आत्याने नेलं सगळ्यांना. तुम्ही फक्त रागवा. मोजा आणि रागवा.”

मला वाटलं, आता खालचा हाट ऐकेल असा आवाज लागणार. पण रेवा आतून आली आणि टेबलाशी उभी राहून बघू लागली. “आजोबा, हे माझे दात आहेत?” तिने विचारलं. आतोबा म्हणाले, “हो.” “मग मला द्या.” त्यांनी जबडा परत फडक्यात गुंडाळला. “काम झालं की देतो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “परवा तयार होईल. परवाच ने. तेरवा नको.” आणि चहा न पिता गेले.

राखण ठरल्या दिवशी तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी ती बसवली आणि म्हणाल्या, थोडी जागा गेली आहे, पण आता धरून ठेवली तर निभेल. मी आतोबांना फोन करून सांगितलं नाही. आत्याला केला. आतोबांचं आणि माझं बोलणं त्यानंतर महिनाभर बंदच होतं.

त्या दिवसांत आतोबा दिव्यांवर रागावलेले होते. मागच्या खोलीत त्यांनी तीनदा दिवा बदलला. “या नव्या दिव्यांत दमच नाही बाप्पा,” म्हणायचे. कारखान्याच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता आणि लवकर काढून घ्या म्हणाले होते. आतोबांनी त्यांना विचारलं होतं, की तुमच्या खोलीतला दिवा कुठल्या कंपनीचा आहे. आत्या मागे लागली की म्हणत, हातातलं काम संपू दे. हातातलं काम कधी संपत नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाचव्या आठवड्यात शाळेतून फोन आला, रेवाच्या तोंडातून रक्त येतंय. मी अर्धी रजा टाकून धावले. तारेचा फास कड्यापासून एका बाजूने सुटला होता आणि त्याचं टोक हिरडीत रुतलं होतं. पोरगी आवाज न करता रडत होती, कारण तोंड हललं की टोचत होतं. डॉक्टरीणबाईंनी ते काढलं, हिरडी साफ केली आणि राखण एका छोट्या पाकिटात घालून माझ्या हातात दिली. रेवाला शेजारणीकडे निजवून मी तशीच सोनागिरीला निघाले. वाटेत स्कूटरवर मी सगळी वाक्यं जुळवली. फरशीच्या उतारापासून सुरुवात करणार होते. शिंप्याची बाही, अंतरपाट, माझा मार्च, काहीही सोडणार नव्हते. केसाएवढा फरक मोजणाऱ्या माणसाने माझ्या मुलीच्या तोंडात काय घातलं, हे मी त्यांच्या तोंडावर विचारणार होते.

मी पाकीट त्यांच्यासमोर टाकलं. त्यांनी पाकीट उघडलं. भिंग काढलं, खिडकीशी गेले आणि तो जोड बराच वेळ बघत राहिले. बोटाने चाचपला. पुन्हा बघितला. आत्या दारात उभी होती. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “मैडम, जोड़ आधा ही पकड़ा था. गलती मेरी है. दिखा नहीं मुझे.”

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे अंकल, हो जाता है. तार है, टूट जाती है.”

“मेरी नहीं टूटती थी,” आतोबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी रचलेली सगळी वाक्यं कुठेतरी गेली. मला इतकंच दिसत होतं, की त्यांचे हात मांडीवर उलटे पडलेत. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, “चालायचंच, आतोबा.”

त्यांनी मान वर केली. मी उभ्या आयुष्यात त्यांच्या रागाला भ्यायले नव्हते, पण त्या वेळी भ्यायले, कारण त्यांच्या चेहऱ्यावर रागच नव्हता. “नाही चालत, पोरी,” ते हळूच म्हणाले. “तोंड आहे ते लेकराचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. “रेवाचं नवं माप घेऊन ये. आणि स्कूटर घेऊन ये. इतवाऱ्यात जायचं आहे.” मला आधी कळलंच नाही. मग इतवाऱ्यात कोण बसतं ते आठवलं. डॉक्टरीणबाईंकडून माप आणलं, आतोबांनी प्लॅस्टर ओतलं, वाळू दिलं आणि डबा मांडीवर घेऊन ते माझ्या मागे बसले. जुन्या शहरातल्या गर्दीत मी दोनदा चुकीच्या बाजूने घुसले. मागून अवाक्षर आलं नाही.

रफीकमियाँ अजून त्याच दुकानात, त्याच स्टुलावर होते. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी आतोबांना पाहिलं, हातातली पक्कड खाली ठेवली आणि म्हणाले, “आ गए खां? बड़ी देर लगा दी. चाय भी ठंडी हो गई होगी आपकी.”

“मेरी आँख गई,” आतोबा म्हणाले. “बच्ची का काम है. घर की बच्ची है.”

रफीकमियाँनी शेजारचं स्टूल फडक्याने पुसलं. “बैठिए. आप बोलते जाइए, मैं मोड़ता हूँ.”

ते दोघं तीन तास बसले. मी दारातल्या बाकड्यावर बसून बघत होते. रफीकमियाँ तार वळवायचे, आतोबा ती हातात घेऊन नखाने चाचपायचे आणि मान हलवायचे. पहिलं कडं मोडलं. दुसरं मोडलं. तिसऱ्यांदा आतोबा परत देताना संकोचले, तर रफीकमियाँनी स्वतःच ते काढून घेतलं. “दीजिए, दीजिए. मालूम है, उन्नीस-बीस नहीं चलेगा.” चौथं कडं आतोबांनी बराच वेळ बोटांत धरलं. नंतर त्यांनी ते जबड्यावर बसवलं आणि जबडा रफीकमियाँच्या हातात दिला. चहा आला तो दोघांनी एकाच बशीवरच्या बिस्किटांबरोबर घेतला.

ती राखण टिकली. मधल्या वर्षांत दोनदा तिचं सिमेंट सुटलं, दोनदा परत बसवलं, पण जोड हलला नाही. आतोबांनी त्याच महिन्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. डोळे लख्ख झाले. डॉक्टरांनी सांगितलं, आता सुईत दोरा ओवाल. आम्हाला वाटलं, मागच्या खोलीतून पुन्हा फोन सुरू होतील. पण त्यांनी उरलेली कामं रफीकमियाँकडे पाठवून दिली, जबडे पोत्यात भरून डॉक्टरांना परत केले आणि रेवाचा रेवाला दिला. फळीवर आत्याच्या बरण्या ऐसपैस पसरल्या. आठवड्यातून एकदा ते इतवाऱ्यात जाऊन बसतात, एवढंच.

यंदा रेवा अकरा वर्षांची झाली आणि तिचा पक्का दात वर आला. डॉक्टरीणबाईंनी कडं काढलं. मी तिला आतोबांकडे घेऊन गेले. त्यांनी टॉर्च लावून खूप वेळ पाहिलं. दात आला होता, पण जरासा वळला होता. मलाही दिसत होतं आणि का ते मला माहीत होतं. मी शिक्षा ऐकायला उभी राहिले. खरं तर मला ती हवी होती.

“थोडा फिरला आहे,” आतोबा म्हणाले. मग टॉर्च बंद केला. “असू दे. चावता येतं ना, बेटा?” रेवाने मान डोलावली.

चहा करताना आत्या स्वयंपाकघरात मला म्हणाली, “चार वर्षं झाली, कुणावर आवाज चढला नाही यांचा. परवा शेजाऱ्याने आपल्या भिंतीत खिळा ठोकला, तर हे त्याला हातोडी देऊन आले. मला घरात कुणी नाही असं वाटतं.” ती साखरेचा डबा उगाचच पुसत राहिली. “तू येतेस तेव्हा काहीतरी चुकीचं करत जा गं. तुझ्यावर तरी ओरडतील.”

म्हणून पुढच्या खेपेला मी स्कूटर फाटकाच्या बरोबर मधोमध आडवी लावली. कुणाला आत येता येऊ नये आणि बाहेर जाता येऊ नये अशी. आतोबा वर्तमानपत्र ठेवून बाहेर आले. फाटकाकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं. मी तयारीत होते. मग त्यांनी सावकाश स्टँड काढला, दोन्ही हातांनी हँडल धरून स्कूटर ढकलत बाजूला नेली आणि कडुनिंबाखाली उभी केली.

“इकडे लावत जा,” ते म्हणाले. “सावली आहे. सीट तापून जाते नाही तं.”

मी बरं म्हटलं. दारात आत्या उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती चहा टाकायला आत गेली.